ठाण्यात गच्चीवर सफरचंद लावायचंय? मग झाडाला झोप तुम्हालाच द्यावी लागेल

ठाण्यात सफरचंदाचं झाड जगतं का, असं विचारणारे खूप जण भेटतात. जगतं. मस्त जगतं, पावसाळ्यानंतर तर हिरवंगार होतं. पण फुलत नाही, आणि दोन-तीन वर्षं वाट बघून लोक कंटाळतात, झाड कुणालातरी देऊन टाकतात. माझ्या पहिल्या झाडाचं तेच झालं, तीन वर्षांत एक कळी नाही. आता मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन झाडं आहेत आणि दोन्ही फळं देतात, थोडी देतात पण देतात, म्हणून जे करते ते सगळं इथे लिहितेय.

आधी न फुलण्याचं कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सफरचंद हे पानगळीचं झाड, थंडीत पानं टाकतं आणि झोपतं. किती वेळ झोपायचं ते थंडीच्या तासांवर ठरतं, साधारण ७ डिग्रीच्या खाली पारा गेलेले तास मोजतात. काश्मीर-हिमाचलच्या नेहमीच्या डिलिशस जातींना असे ८०० ते १२०० तास लागतात. आपल्याकडे जानेवारीतल्या अगदी गार पहाटेसुद्धा १५-१६ डिग्री असतं, लोक स्वेटर काढतात खरं पण सफरचंदाच्या हिशोबाने ती थंडीच नाही. म्हणजे असे तास शून्य. झाडाला कळतच नाही की हिवाळा आला आणि गेला, ते अर्धवट जागं राहतं, जुनी पानं धरून बसतं आणि फक्त शेंड्याला वाढत राहतं.

यावरचा उपाय मला कळला तो माझ्या सांगोल्याच्या मामांमुळे. त्यांची डाळिंबाची बाग आहे. ते लग्नासाठी ठाण्याला आले होते, गच्चीवर झाड बघितलं आणि म्हणाले, "अगं, ह्याला ताण कधी दिलास? ताण दिल्याशिवाय बहार कसा धरेल?" मी म्हटलं मामा, हे सफरचंद आहे, डाळिंब नाही. तर म्हणाले, "झाड कुठलंही असू दे, पानं झडल्याशिवाय डोळा फुटत नाही." डोळा म्हणजे फांदीवरचा मिटलेला कोंब, आणि ताण म्हणजे पाणी तोडणं. डाळिंबवाले पाणी तोडतात, पानगळ करून घेतात, मग छाटणी, खत, पाणी आणि बहार. नाशिककडचे द्राक्षवालेसुद्धा ऑक्टोबर छाटणी करून वेलीला ठरलेल्या वेळी जागं करतात. नंतर वाचलं तर इंडोनेशियात जावा बेटावर मलंगजवळ बाटू नावाचं गाव आहे, तिथे विषुववृत्ताजवळ असूनही सफरचंदाच्या बागा आहेत आणि शेतकरी अगदी हेच करतात, फळं काढली की हाताने सगळी पानं ओरबाडतात, फांद्या वाकवून बांधतात आणि काही आठवड्यांत झाड फुलतं. ते डोंगरातलं गाव आहे, हवा आपल्यापेक्षा गार, त्यामुळे त्यांच्याइतकं पीक इथे येणार नाही, पण युक्ती तीच चालते.

रोप कुठलं घ्यायचं

इथे चुकलात तर पुढे काही करून उपयोग नाही. कमी थंडीवर फुलणाऱ्या तीन जाती आपल्याकडे मिळतात. एचआरएमएन-९९, अ‍ॅना आणि डोर्सेट गोल्डन. पहिली आपली देशी, हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी तयार केलेली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. घराजवळ टाकलेल्या सफरचंदांच्या बियांतून आलेलं रोप त्यांनी जपलं, ते उष्ण भागातही फळलं आणि मग त्याची कलमं देशभर गेली, आपल्या महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावलीत. अ‍ॅना इस्रायलची, डोर्सेट गोल्डन बहामा बेटांवर सापडलेली, म्हणजे दोन्ही गरम हवेतल्याच. माझ्याकडे एक एचआरएमएन आणि एक अ‍ॅना आहे.

रस्त्याकडेच्या नर्सरीत "काश्मिरी आहे, इथे येतं" म्हणून देतात ते घेऊ नका, माझं पहिलं झाड तसंच होतं, ना जातीचं नाव ना कलमाचा पत्ता. आणि फळ खाऊन बी पेरू नका प्लीज. बाजारातल्या सफरचंदाच्या बियांपासून रोप येतं पण ते आईसारखं निघत नाही, आणि बहुतेक वेळा त्याला थंडी हवीच असते.

आता उंचीचं. गच्चीवर मध्यम बुटकं, म्हणजे सेमी-ड्वार्फ, झाड हवं. सफरचंदाची उंची जातीपेक्षा खालच्या मुळावर, म्हणजे रूटस्टॉकवर, जास्त ठरते. वरती हव्या त्या जातीचा डोळा, खाली वेगळं मूळ. एम-९ नावाच्या रूटस्टॉकवर झाड अगदी बुटकं राहतं पण मूळ कमजोर, आयुष्यभर आधाराची काठी लागते आणि आपल्या उन्हात पाणी जरा चुकलं की माना टाकतं. एमएम-१०६ आणि एमएम-१११ हे सेमी-ड्वार्फ. जमिनीत बारा-पंधरा फूट किंवा थोडं जास्तच जातात, ड्रममध्ये छाटून सहा-सात फुटांवर आरामात ठेवता येतात. दोघांतला फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, एमएम-१०६ ला बुंध्याशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, खोड जमिनीलगत कुजतं. एमएम-१११ पाणी कमी-जास्त झालं तरी सोसतं. ठाणे-नवी मुंबईचा पाऊस बघता मी एमएम-१११ च सांगेन, झाड थोडं मोठं होतं पण टिकतं. विकणाऱ्याला सरळ विचारा रूटस्टॉक कुठला, उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे बघा.

हिमाचलहून उघड्या मुळांची रोपं जानेवारी-फेब्रुवारीत कुरिअरने येतात. येतात तेव्हा काडीसारखी दिसतात, घाबरू नका. पण ती लावल्यावर लगेच मार्च-एप्रिलचं ऊन डोक्यावर येतं म्हणून पहिला उन्हाळा हिरव्या जाळीखालीच काढायचा. पिशवीतलं रोप मिळालं तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर हीट ओसरली की नोव्हेंबरात लावा, ते जास्त सोपं.

ड्रम आणि माती

मी २०० लिटरचा निळा ड्रम मधून आडवा कापून घेतला, दोन कुंड्या झाल्या. शंभर लिटरपेक्षा लहान घेऊ नका, सेमी-ड्वार्फला पुरत नाही. ओल्या मातीसकट हे प्रकरण दीडशे किलोच्या आसपास जातं म्हणून बाल्कनीच्या कडेला नको, गच्चीवर कॉलम किंवा बीमच्या वर ठेवा आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, लीकेजवरून भांडणं होतात. तळाला आठ-दहा भोकं, आणि तळापासून दोन इंच वर बाजूने पाच-सहा भोकं, हे बाजूचं विसरू नका. ड्रम विटांवर ठेवायचा. खाली ताट नाही म्हणजे नाही. माझं दुसरं झाड ताटामुळे गेलं, जुलैत पाच दिवस झड लागली होती, ताटात पाणी भरून राहिलं, मी गावी, परत आले तर पानं पिवळी आणि खोडाची साल बोटाने निघत होती. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

माती दोन भाग लाल, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस आणि जाड वाळू मिळून. तूस मुरबाड-शहापूरकडच्या भाताच्या गिरणीवर स्वस्तात मिळतं, ओळखीचं कुणी तिकडून येत असेल तर एक पोतं सांगा. कोकोपीट सगळे सुचवतात पण आपल्या पावसात ते चार महिने ओलं स्पंज होऊन बसतं, मी घालत नाही. भरून झाल्यावर एक बादली पाणी ओता, पाणी वर तळं करून राहिलं तर माती परत काढा आणि वाळू वाढवा, आत्ता आळस केलात तर जुलैत महागात पडतं.

लावताना कलमाची गाठ, म्हणजे वरची जात खालच्या मुळाला जोडलेली जागा, मातीच्या किमान तीन इंच वर पाहिजे. गाठ मातीत गेली तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि सेमी-ड्वार्फचा फायदाच संपतो, शिवाय तिथेच कूज लागते. गाठीच्या खालून जे फुटवे येतील ते दिसले की बोटाने काढून टाका, ते रूटस्टॉकचे असतात.

माझ्या भावाचं ऐरोलीला रो-हाऊस आहे, त्याला जमिनीत लावायचं होतं. खाडीजवळच्या भरावाची जमीन, खाली मुरूम-डबर आणि कुठे कुठे खारट. अशा ठिकाणी खड्डा करून लावू नका, तो खड्डा पावसात विहीर होतो. त्याने जमिनीच्या वर दीड-दोन फूट विटांचा वाफा बांधला, त्यात चांगली माती भरली आणि त्यावर लावलं, झाड छान आहे.

पहिली दोन वर्षं

काडी लावली की ती अडीच फुटांवर कापायची. जीवावर येतं पण कापा. मग खालून फुटवे येतात, त्यातले चारी दिशांना जाणारे तीन-चार ठेवा, बाकी काढा, मधला भाग मोकळा कपासारखा राहू द्या म्हणजे ऊन आणि वारा आत जातो. आपल्याकडे दमटपणा एवढा आहे की दाट झाड म्हणजे बुरशीला आमंत्रण. फांद्या हिरव्या असतानाच कपड्याचे चिमटे लावून आडव्या पसरवायची सवय लावा, खोडापासून ४५ ते ६० अंशांवर. पहिल्या वर्षी फूल आलं तर खुडा, दुसऱ्या वर्षी दोन-तीन फळं ठेवलीत तरी बस.

डिसेंबरचं काम

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, नीट वाचा. तारीख का पाळायची ते आधी सांगते. फुलापासून फळ काढेपर्यंत साधारण चार महिने धरा, आणि आपल्याकडे पाऊस १० जूनच्या आसपास येतो. पावसात सापडलेलं फळ तडकतं, सडतं, फळमाशी लागते. म्हणजे फुलं जानेवारीत यायला हवीत, म्हणजे पानं डिसेंबरच्या मध्यावर काढायला हवीत. मी १५ डिसेंबर धरते.

त्याआधी ऑगस्टपासून नत्राचं खत बंद, शेणखताचं पाणी वगैरे काही नाही. डिसेंबर लागला की पाणी हळूहळू कमी करायचं. डाळिंबाच्या शेतासारखं महिनाभर तोडायचं नाही, ड्रममध्ये मुळांना पळायला जागा नसते, झाड मरेल. दहा-बारा दिवस फक्त इतकंच पाणी की पानं दुपारी जराशी मलूल दिसावीत आणि सकाळी परत उभी राहावीत.

मग एका सकाळी कात्री घेऊन बसा आणि सगळी पानं काढा. सगळी. पान ओढून काढायला जाल तर कधीकधी डोळा पण सोबत निघतो, म्हणून मी पानाचा देठ थोडा ठेवून कापते, देठ आठवड्याभरात आपोआप गळतो. प्रत्येक देठाच्या बगलेत एक डोळा असतो आणि पान असेपर्यंत ते पान त्याला दाबून ठेवतं, पान गेलं की डोळा मोकळा होतो. पहिल्या वर्षी माझा हात धजावत नव्हता, अर्धी पानं ठेवली, तर फुलं पण अर्ध्याच बाजूला आली. त्यामुळे ठेवू नका काही.

त्याच दिवशी छाटणी. वाळकं, आत वळलेलं, एकमेकांवर घासणारं काढा, लांब सरळ वर गेलेले सोटे काढा, पण आखूड, जाडसर, सुरकुतलेल्या काड्या असतात त्यांना हात लावू नका, फळं तिथेच येतात. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, किंवा निदान हळद-चुना.

आणि मग वाकवणं. सुतळीने फांद्या जवळजवळ आडव्या करून ड्रमच्या काठाला बांधा, काठाला आधीच भोकं पाडून ठेवा. उभ्या फांदीत शेंडा राजा असतो, तोच वाढतो आणि खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. फांदी आडवी झाली की त्याचं राज्य संपतं, मागचे डोळे पण फुटतात. सुतळीखाली जुन्या कापडाची घडी ठेवा नाहीतर साल कापते.

नंतर वरची दोन इंच माती उकरून एक-दीड किलो गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर बोनमील मिसळा आणि भरपूर पाणी द्या. आता ताण संपला. माझ्याकडे साधारण तीन-चार आठवड्यांत गुलाबी कळ्या दिसतात, अ‍ॅना आधी, एचआरएमएन चार-पाच दिवस मागे. द्राक्षवाले डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते कुणी सुचवलं तरी घरी आणू नका, विषारी आहे, कात्रीने काम होतं.

फुलं ते फळ

दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या की फळ जास्त धरतं, म्हणून मी दोन लावल्या. बाजूला तुळस, झेंडू ठेवा, छोट्या फुलोरी मधमाश्या तुळशीवर येतात तशा इकडेही वळतात. उंच बिल्डिंगवर माश्या नसतील तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला चित्रकलेचा मऊ ब्रश एका झाडाच्या फुलावरून दुसऱ्याच्या फुलावर फिरवा, फुलं असेपर्यंत रोज.

एका झुबक्यात चार-पाच फुलं असतात. फळं वाटाण्यापेक्षा मोठी, गोटीएवढी झाली की एका झुबक्यात एकच ठेवा, बाकी काढा. ज्यांनी हे केलं नाही त्यांची फळं बोराएवढीच राहिलेली मी बघितलीत. माझ्या झाडाला पहिल्या नीट बहारात अकरा फळं धरली होती, सहा ठेवली, चार हाती आली.

मार्च ते मे पाण्याची शिस्त ठेवा. गच्चीचा स्लॅब तापतो, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा लागतं. एक दिवस कोरडं आणि एक दिवस पूर, असं केलंत तर फळ तडकतं किंवा आत तपकिरी ठिपके येतात. मातीवर सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरवा, खोडाला चुना लावा, आणि एप्रिलपासून दुपारच्या उन्हाच्या बाजूने हिरवी जाळी.

पोपटांचं काय करायचं ते विचाराल. येऊरच्या बाजूने थवे येतात आणि फळ जरा पिवळं झालं की टोचून ठेवतात, खारी आणि रात्री वटवाघळं आहेतच. मी प्रत्येक फळाला जुन्या सुती ओढणीची छोटी पिशवी शिवून बांधते, मे सुरू झाला की लगेच. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगा, आंब्यासाठी दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो तोच चालतो.

मावा आणि मिलीबग आलेच तर मुंग्या आधी थांबवा, मुंग्याच त्यांना फांदीफांदीवर नेतात. लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल, थोडा साबण, संध्याकाळी पानाच्या खालून फवारा. फुलं असताना काहीच फवारू नका, मधमाश्या मरतात.

लाल होण्याची वाट बघत बसू नका. लाल रंगाला गार रात्री लागतात आणि आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री कशा असतात ते माहितीच आहे. फळ हिरव्याचं पिवळसर होतं, उन्हाकडच्या गालावर थोडी लाली. तळहातात घेऊन वर उचलून हलकं पिरगळा, देठासकट सुटलं तर तयार. एक कापून बघा, बिया तपकिरी झाल्या असतील तर बाकीची आठ-दहा दिवसांत काढा. चव आंबट-गोड, गर शिमल्याच्या सफरचंदापेक्षा मऊ, फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकत नाही. आईने पहिलं फळ देवापुढे ठेवलं आणि मग आठ फोडी करून शेजाऱ्यांनासुद्धा दिल्या.

पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळी भोकं सळीने मोकळी करा, बुंध्याजवळचा पाला काढून टाका, माती खोडाकडून बाहेर उतरती करा. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मध्ये उघडीप मिळाली की परत एक टक्का बोर्डो, म्हणजे दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या बादलीत वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. पानांवर ठिपके येतीलच, ऑगस्टात झाड जरा केविलवाणं दिसतं, त्याने घाबरून खतं ओतू नका. फळं काढल्यावर लगेच परत पानं काढून दुसरा बहार घ्यायचा मोह होतो, बाटूमध्ये वर्षातून दोनदा घेतात, पण आपल्याकडे ती फुलं जुलैच्या पावसात सडतात आणि झाड दमतं. एकच घ्या.

दर तीन वर्षांनी नोव्हेंबरात ड्रमच्या कडेची तीन इंच माती मुळांसकट खुरप्याने कापून काढा, नवीन मिश्रण भरा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. हलवताना दोन माणसं तरी लागतात, वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. त्या वर्षी ताण दहा दिवसांऐवजी पाच-सहाच द्या आणि पानं १५ डिसेंबरऐवजी महिनाअखेरीला काढा, मुळं तोपर्यंत सावरतात, फळं थोडी कमी ठेवा.